घड्याळात दिसेल तेच लिहावे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. "अहो, पोहण्याच्या शर्यतींना तुम्ही घड्याळ घेऊन उभ्या राहता ना, त्यावरच लिहा," असे त्या म्हणाल्या, म्हणून हा प्रपंच. मला स्वतःला पोहता येते ते बेताचेच. परंतु तलावाच्या काठावर बिनमोल उभे राहून जे शिकावयास मिळाले आणि त्यापायी जो इतिहास वाचनात आला, तो भगिनींना सांगावासा वाटतो.

मुलीला शर्यतीला घेऊन गेले असता वेळ नोंदणारी माणसे कमी पडली आणि माझ्या हाती स्टॉपवॉच आले. तेथल्या वयस्क पंचबाईंनी पहिला धडा दिला तो असा : भोंगा ऐकून घड्याळ सुरू करावयाचे नाही, भोंग्याबरोबर दिवा चमकतो तो पाहून करावयाचे. आवाजाला वाट चालावी लागते. ५० मीटरच्या तलावाच्या पलीकडच्या टोकाला तो पोचेपर्यंत सुमारे १५ शतांश सेकंद जातात आणि तेवढ्यात एखाद्या मुलीचा पहिला क्रमांक जाऊ शकतो.

दुसरा धडा मात्र जन्मभर पुरेल असा मिळाला. एकेका पोहणाऱ्यावर तीन घड्याळे होती. माझ्या घड्याळात ४१.३० सेकंद आले, शेजारच्या दोघींच्या घड्याळांत ४१.५२ आणि ४१.५५. मी ओशाळले आणि हळूच ४१.५२ लिहू लागले. पंचबाईंनी माझा हात धरला. "ताई, घड्याळात दिसते तेच लिहा. शेजारणीचे पाहून लिहिलेत तर तीन घड्याळे कशाला धरली?" मग त्यांनी नियम सांगितला. तीनपैकी दोन वेळा जुळल्या तर ती वेळ धरावयाची, तिन्ही निराळ्या आल्या तर मधली. म्हणजे माझी चूक नियमाने आपोआप बाजूला पडली असती. मी ती लपविली असती तर मात्र नियमालाच आंधळे केले असते.

ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही, हे मला पुढे रोमची हकीकत वाचल्यावर कळले.

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १०० मीटर मुक्त शैलीची अंतिम शर्यत होती. ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला टेकले. डेव्हिटची तिन्ही घड्याळे ५५.२ सेकंद सांगत होती. लार्सनची घड्याळे सांगत होती ५५.०, ५५.१ आणि ५५.१. म्हणजे घड्याळांच्या मते लार्सन पुढे होता. पण त्या काळी क्रमांक ठरवावयाचे ते पंचांच्या नजरेने. पहिला कोण हे पाहणाऱ्या तीन पंचांपैकी दोघांनी डेव्हिट म्हटले. दुसरा कोण हे पाहणाऱ्या तिघांपैकीही दोघांनी डेव्हिटच म्हटले! तेव्हा सहा जणांत तीन मते इकडे आणि तीन तिकडे. शेवटी मुख्य पंच हान्स रुनस्ट्रोमर यांनी डेव्हिटला विजयी ठरविले आणि निकालाशी जुळावी म्हणून लार्सनची वेळ ५५.२ अशी बदलून लिहिण्यात आली. अमेरिकेची तक्रार फेटाळली गेली. अनधिकृत म्हणून बसविलेल्या विजेच्या यंत्रानेही लार्सनलाच ६ शतांश सेकंद पुढे दाखविले होते, पण ते कोणी जमेस धरले नाही.

मला वाटते, या प्रसंगात नजरेची चूक क्षम्य होती. उसळत्या पाण्यात दोन हात एकदम भिंतीला लागताना कोणाचीही नजर फसेल. अक्षम्य होते ते घड्याळाने सांगितलेले पुसून निकालाला सोयीचे लिहिणे. मी तलावाच्या काठी जे करू पाहत होते, तेच तेथे जगाच्या समोर घडले.

यानंतर यंत्रांकडे ओढा वाढला. भिंतीला हात लागताच वेळ थांबविणाऱ्या पट्ट्या १९६७ साली विनिपेगच्या पॅन-अमेरिकन सामन्यांत आणि १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये वापरल्या गेल्या. पण यंत्र आले म्हणून विवेकाचे काम संपले असे नाही. १९७२ साली म्युनिकमध्ये ४०० मीटर मिश्र शैलीत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मकीला हरविले ते सेकंदाच्या अवघ्या २ सहस्रांशांनी! एवढ्या वेळात पोहणारा सुमारे ३ मिलिमीटर पुढे जातो, आणि तलावाच्या भिंती बांधताना त्याहून अधिक फरक राहू शकतो. मग शतांशापुढे मोजावयाचे नाही, असे ठरले. त्यामुळेच १९८४ साली लॉस एंजेलिसला नॅन्सी हॉग्सहेड आणि कॅरी स्टाइनसायफर या दोघींची वेळ ५५.९२ अशी सारखी येताच दोघींनाही सुवर्णपदक मिळाले.

आजही पट्टी दाबली गेली नाही तर काठावरच्या माणसाच्या हातातील बटण आणि घड्याळच कामास येते. आणि दोन्ही हात एकदम भिंतीला लागले की नाही, हे पाहावयास तर माणूसच हवा. म्हणून स्वयंसेवक पंचांची गरज उरलीच. शिडी साधारण अशी : प्रथम वेळ नोंदावयाची, मग वळणावर उभे राहावयाचे, मग पोहण्याची शैली पारखावयाची, त्यानंतर शर्यत सोडावयाची आणि सरतेशेवटी मुख्य पंच. प्रत्येक पायरीवर जाणत्याच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते. संशय असेल तर त्याचा फायदा पोहणाऱ्याला द्यावयाचा, हे शहाणपणही तेथेच येते.

या कामात बायका मागे नाहीत, हे सांगावयास एकच नाव घेते. न्यूयॉर्कच्या शार्लट एप्स्टाइन या न्यायालयात लघुलेखनाचे काम करीत. स्वतः त्या काही विजेत्या जलतरणपटू नव्हत्या. १९१७ साली त्यांनी स्त्रियांचा पोहण्याचा संघ काढला आणि पुढे अमेरिकेच्या स्त्री-जलतरणपटूंच्या ऑलिंपिक संघाची व्यवस्था पाहिली. १९२६ साली इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री, गर्ट्रूड एडर्ली, ही याच संघात वाढलेली. दिवसभर दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे लिहून घेणारी बाई मुलींच्या शर्यतींचे काम किती चोख करीत असेल, असे माझ्या मनात येते.

भगिनींनो, आपल्या मंडळातही हिशेब, इतिवृत्त, हजेरी अशी लिहिण्याची कामे आपण करतोच. शेजारणीचे पाहून न लिहिण्याची सवय ज्या बाईला आहे, तिला पंच होणे अवघड नाही. पुढच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी जिला सवड असेल तिने माझ्याबरोबर तलावावर यावे. घड्याळ तेथे मिळेल. डोक्याला टोपी आणि प्यावयाचे पाणी मात्र घरून आणावे.