पंचांगाची पारायणं

ऑस्लोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी कालनिर्णय दोनदा वाचून काढलं. तिथी-वार नाही, पानांमागचा मजकूर. पाककृती, आरोग्याचे लेख, राशिभविष्य, सगळं. आईनं निघताना बॅगेत कोंबलं होतं, तेव्हा मी वैतागलो होतो. डिसेंबरात तिथे दुपारी सव्वातीनच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसमधून बाहेर पडावं तर मिट्ट काळोख. फोनमध्ये न वाचलेली चाळीसेक पुस्तकं होती, पण एकही उघडावंसं वाटेना. आणि मी इंजिनीअर माणूस कांद्याच्या थालीपिठाची कृती तिसऱ्यांदा वाचतोय, याची लाजही वाटायची.

एका रविवारी वेळ काढायला बिग्दोयच्या संग्रहालयात गेलो. तिथे ‘फ्राम’ हे अख्खं जहाज छपराखाली उभं आहे. फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ मध्ये हे जहाज घेऊन निघाला, तेच मुळी बर्फात अडकवायला. बर्फ वाहत उत्तर ध्रुवाकडे जातो, तर जहाजही त्याच्याबरोबर जाईल, असा त्याचा हिशोब. बूड गोलसर, म्हणजे बर्फानं आवळलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. जहाजावर तेरा माणसं, भरपूर पुस्तकं, पवनचक्कीवर चालणारा विजेचा दिवा. डॉक्टर हातानं लिहिलेलं वर्तमानपत्रही चालवायचा. काळोखात कंटाळ्यानं माणूस खचतो हे ओळखून केलेली ती तयारी होती.

पण मला धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. जहाज ध्रुवापर्यंत पोचणार नाही हे दिसल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहानसेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन बर्फावरून निघाले. ८६ अंशांच्या पुढे गेले, परत फिरले, आणि फ्रान्झ जोसेफ लँडच्या एका निर्जन किनाऱ्यावर हिवाळ्यानं त्यांना गाठलं. दगड रचून, फटींत शेवाळ भरून, वर वॉलरसची कातडी ताणून त्यांनी झोपडं केलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद. दिवा चरबीचा. सकाळी उकडलेलं अस्वल, रात्री तळलेलं. कधीकधी दिवसाचे वीस तास झोप. असे जवळजवळ नऊ महिने.

पुस्तकं जहाजावरच राहिली होती. जवळ छापील असं दोनच गोष्टी: नौकानयनाची कोष्टकं आणि पंचांग. त्या पंचांगात नॉर्वेच्या राजघराण्याची माहिती होती, बुडालेल्या माणसावर काय उपचार करावेत ते होतं, कोळ्यांसाठी सूचना होत्या. नान्सेननं ते इतक्यांदा वाचलं, की जवळपास पाठच झालं. माहिती त्याच्या काही कामाची नव्हती. छापलेली अक्षरं बघितली की आपण अजून माणसांतले आहोत असं त्याला वाटायचं, एवढंच.

हे वाचलं आणि माझी थालीपिठाची लाज तिथेच गेली.

त्यांच्या बाकीच्या सुखांची यादीही अशीच बारकी आहे. नाताळाला योहानसेननं शर्ट उलटा करून घातला, हाच नवा कपडा. नान्सेननं पाव पेला कोमट पाण्यात अंघोळ उरकली. मऊ, कोऱ्या, स्वच्छ लोकरी कपड्यांनी भरलेल्या दुकानाची कल्पना करत दोघं गप्पा मारत. आणि नववर्षाच्या रात्री ते अहोजाहो सोडून अरेतुरेवर आले. एकाच स्लीपिंग बॅगेत झोपणारी ही दोन माणसं तोवर एकमेकांना अहोजाहोच करत होती!

जून १८९६ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज संशोधक त्यांना बर्फावर अवचित भेटला आणि सुटका झाली. वजन केलं तर नान्सेनचं जवळपास १० किलोंनी वाढलं होतं.

ही गोष्ट इथेच संपवता आली असती. पण योहानसेननं पुढे जानेवारी १९१३ मध्ये याच शहरात आपलं आयुष्य संपवलं. दारू होती, कर्ज होतं, आमुंडसेनच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत झालेला अपमान होता. झोपडीतला तो हिवाळा ज्यानं काढला, त्याला शहरातला काढता आला नाही. त्यामुळे पुस्तक वाचा, गरम कॉफी प्या, हिवाळा पळून जाईल, असं मी कुणाला सांगणार नाही. झोपडीत त्याच्याशेजारी दुसरा माणूस होता, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

त्या सोमवारी सकाळी आठला मी आईला फोन लावला. माझ्याकडे अजून काळोख, तिच्याकडे दुपारचे साडेबारा, मागे कुकरच्या शिट्ट्या.

“आई, कालनिर्णयातलं डिसेंबरचं पान उलटून बघ. तो लेख वाचलास?”

“थांब रे, हात पुसू दे,” ती म्हणाली. मग खिळ्यावरून कालनिर्णय काढल्याचा आवाज आला. “हं, वाच आता. चष्मा नाहीये माझ्याकडे.”

मी मोठ्यानं वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदात तिनं मला थांबवलं आणि लेखकाला काही कळत नाही असं जाहीर केलं. त्यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो. ऑफिसला उशीर झाला. बाहेर पडलो तेव्हा आकाश नुकतं कुठे उजळायला लागलं होतं.