बंडी, बैल आणि कागद

चोरट्या सागवानासोबत गाडी पकडली, की आपण ‘गाडी जप्त झाली’ म्हणतो. पण जप्ती ही फक्त सुरुवात. जप्त गाडीची मालकी मालकाकडेच राहते, ताबा तेवढा वनखात्याकडे जातो. ती सरकारजमा झाली, की मालकीच संपते. या दोन शब्दांमधलं अंतर कसं आटत गेलं, हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचाही इतिहास आहे.

१८७८च्या वन कायद्यानुसार लाकडाबरोबर हत्यारं, नावा, गाड्या आणि गुरंही धरता येत. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात गाडी म्हणजे बंडी. तीच शेतात, तीच बाजाराला, तीच लग्नाला. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली, तर अख्ख्या हंगामाचा दंड बसायचा.

१९२७च्या कायद्यानेही हाच अधिकार कायम ठेवला. मात्र हमीपत्र लिहून देऊन बंडी-बैल सोडवून आणायची सोय होती. सरकारजमा करायचं की नाही, हे सहसा खटल्याच्या शेवटी मॅजिस्ट्रेट ठरवायचे.

मग ट्रक आले. खटला वर्षानुवर्षं चालणार आणि हमीवर सुटलेला ट्रक पुन्हा त्याच रस्त्यावर धावणार, ही वनखात्याची खरी अडचण होती. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात ६१-अ पासूनची नवी कलमं घातली. आता सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरचा प्राधिकृत अधिकारीच गाडी सरकारजमा करू शकतो. आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायाधीशांकडे अपील करता येतं. पण गुन्हा कोर्टात सिद्ध होईपर्यंत थांबायची गरज नाही. आंध्र प्रदेशातल्या अशाच कायद्याबद्दल सुप्रीम कोर्टानेही १९८५ मध्ये सांगितलं, की खटला आणि सरकारजमा करण्याची कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, तुमचा ट्रॅक्टर शेजाऱ्याने मागून नेला आणि त्यात सागवान सापडलं. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून भागत नाही. तुम्हाला, तुमच्या माणसाला आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही माहीत नव्हतं, शिवाय प्रत्येकाने पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्हीच सिद्ध करायचं. बँकेचा हप्ता तोवर चालूच असतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे, वाहतूक परवाना. तो असेल तर माल, नसेल तर गुन्हा. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं. तरीही धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्याच हक्काच्या जंगलातला बांबू बाहेर न्यायला परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

बांबू तोच, रस्ता तोच. सही करणारा हात तेवढा बदलला.

तस्करांचे ट्रक अडवायलाच हवेत. पण वाहन अडवलेलं दिसलं, की दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: हे नुसतं जप्त झालंय, की सरकारजमा? आणि परवाना द्यायचा अधिकार कुणाकडे होता?