चाक, आराखडा आणि आज्ञावली

ब्रिटिश अमदानीत तयार झालेल्या गॅझेटिअरमध्ये पनवेलची नोंद तशी त्रोटकच आहे. खाडीवरचे बंदर, घाटाकडे जाणारा रस्ता आणि व्यापार एवढे सांगून झाल्यावर गॅझेटिअरकार या गावचा मुख्य उद्योग म्हणून गाडीची चाके घडवण्याचा उल्लेख करतात. आणि देशावरून आलेला प्रत्येक गाडीवान परत जाताना चाकांची एक जोडी घेऊन जातो, अशी पुस्ती जोडतात. १८३० साली बोरघाटातला रस्ता चाकाच्या वाहनांना खुला झाला आणि पनवेलचे बंदर व पुणे यांच्यामध्ये गाड्यांची रीघ लागली. १८६३ मध्ये आगगाडीने घाट चढला, पण कर्जत-कल्याणच्या वाटेने. पनवेल बाजूला राहिले. पुढे मोटारी आल्या. आज याच तालुक्यात विमानतळ उभा आहे आणि चाके घडवणाऱ्या सुतारांचा मागमूस जुन्या पनवेलमध्ये शोधूनच काढावा लागतो.

या उद्योगाने मागे काय ठेवले, असा प्रश्न आम्हाला काही वर्षांपूर्वी पडला. लाकडाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले परिघाचे वक्र तुकडे आणि या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आकसवायची. हे ज्ञान सुताराच्या आणि लोहाराच्या हातात होते, आराखड्यात नव्हते. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर ही मौखिक परंपरा होती. गाणारा गेला की गाणे जाते, तसे घडवणारा गेला की चाक जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता अगदी निराळा आहे. घरच्या घरी, हौसेखातर, संगणकावर मापासह आराखडा काढायचा आणि त्या आराखड्यावरून चालणाऱ्या लहानशा यंत्राने लाकूड कापायचे, म्हणजे ज्याला 'कॅड' आणि 'सीएनसी' म्हणतात ते करायचे, तर संगणक कोणता घ्यावा आणि आज्ञावली कोणती निवडावी? हा प्रश्न बाजारहाटाचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तर तो विशेष ओळखीचा वाटावा.

आराखडा आणि हात यांची फारकत आपल्याकडे कशी झाली, हे पाहताना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण अपरिहार्य ठरते. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले. पण यांत्रिक रेखाटन सोडले नाही. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावची सायकलची पेढी, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात वसलेली किर्लोस्करवाडी हा इतिहास सर्वपरिचित आहे. याच कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्यातून मराठी नियतकालिकांच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण सुरू झाले, हेही आपण वर्गात शिकवतो. मात्र या दोन गोष्टींमधला दुवा आपण क्वचितच पाहतो. कारखान्याला आराखडा लागतो, कारण नांगर घडवणारा आणि नांगर योजणारा ही आता एकच व्यक्ती नसते. ज्ञान एका डोक्यातून दुसऱ्याच्या हाती पोचवायचे तर ते लिहावे लागते. यांत्रिक रेखाटन हे त्या अर्थाने लेखनच होय.

या लेखनाचे वाचन माणसाऐवजी यंत्राने करावे, ही पुढची पायरी अमेरिकेत पडली. जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वक्र आकार हवे होते. वक्रावरचे अनेक बिंदू गणिताने काढून ते आकडे यंत्राला पुरवावेत, ही त्यांची कल्पना. तिला वायुदलाचा पैसा मिळाला आणि १९५२ साली एमआयटीने छिद्रांकित कागदी फितीवर चालणारे कर्तनयंत्र दाखवले. याच सुमारास दुसरी एक वाटही उपलब्ध होती. कसबी कामगाराने यंत्र हाताने चालवायचे, त्याच्या हालचालींची नोंद फितीवर करायची आणि मग यंत्राने त्या हालचाली पुन्हा कराव्यात. ही वाट मागे पडली. डेव्हिड नोबल यांनी १९८४ सालच्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हा निकाल केवळ तांत्रिक गुणांवर लागलेला नव्हता. कामाचे ज्ञान कामगाराकडून काढून व्यवस्थापनाकडे नेण्याची ओढ त्यामागे होती. नोबल यांच्याशी मतभेद होऊ शकतात. परंतु साधनाची निवड म्हणजे ज्ञान कोणाच्या ताब्यात राहील याची निवड, हे त्यांचे सूत्र आम्हाला नाकारता येत नाही.

येथे एक छोटे विषयांतर क्षम्य ठरावे. १९६०च्या दशकात रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचे वक्राकार संगणकाला समजावेत म्हणून एक गणिती पद्धत रुळवली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो त्याआधीच त्याच ठिकाणी पोचले होते. काही थोडे बिंदू दिले की त्यांतून एक डौलदार वक्र निघतो, एवढेच तिचे सार. आज संगणकावर उमटणारे आपले प्रत्येक देवनागरी अक्षर याच जातीच्या वक्रांनी बनलेले असते. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' टंकही त्याला अपवाद नाही. ज्या गणिताने मोटारीचा पत्रा वळतो त्याच गणिताने 'ळ' वळतो. तेव्हा हा विषय आमच्या प्रांतातला नाही, असे म्हणण्याची सोय साहित्याच्या लोकांना उरलेली नाही.

आता हौशी माणसाच्या निवडीकडे येऊ. या कामाचे तीन टप्पे असतात: आराखडा काढणे, आराखड्यावरून हत्याराचा मार्ग ठरवणे आणि त्या मार्गाने यंत्र हलवणे. तिन्ही टप्प्यांच्या गरजा भिन्न आहेत. त्या एकत्र समजल्यामुळेच पैसे वाया जातात.

यंत्र हलवण्याचे काम बुद्धीचे नाही, तालाचे आहे. मोटरला विजेचे ठोके ठराविक अंतराने मिळावे लागतात. एक ठोका चुकला तर कापणी सरकते. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने १९९०च्या दशकात एक नियंत्रक आज्ञावली तयार करून सर्वांना खुली केली. तीच पुढे 'लिनक्ससीएनसी' या नावाने वाढली. तेव्हा संगणकाच्या मागच्या, छपाईयंत्र जोडण्याच्या समांतर खाचेतूनच हे ठोके पाठवत. त्यामुळे कचेरीतून निवृत्त झालेला जुना मेजावरचा संगणक या कामी उत्तम ठरे आणि नवा चकचकीत लॅपटॉप वीज वाचवण्याच्या नादात ताल चुकवी. २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी 'जीआरबीएल' लिहिले आणि ताल सांभाळण्याची जबाबदारी 'आर्डुइनो' नावाच्या तळहाताएवढ्या फळीवर आली. त्या फळीवरच्या चिपची स्मृती अवघी दोन किलोबाइट. संगणकाने आता एकेक ओळ वाचून दाखवायची; ताल फळी धरते. लहान यंत्रासाठी आम्ही हाच मार्ग घेतला. त्याला जोडायला कोणताही जुना संगणक चालतो. पनवेलच्या पावसाळ्यात मात्र त्याच्यासोबत यूपीएस हवाच. कापणीच्या मध्यावर वीज गेली की लाकूडही जाते.

पैसे घालायचे ते आराखड्याच्या संगणकात. तेथेही जाहिरातीतल्या आकड्यांनी हुरळून जाण्यात अर्थ नाही. आराखड्याची बहुतेक आकडेमोड एकामागून एक पायरीने चालते; म्हणून प्रक्रियकात गाभे किती, यापेक्षा एकेका गाभ्याचा वेग अधिक महत्त्वाचा. स्मृती सोळा गिगाबाइट असावी, साठवणीला एसएसडी असावी, पडदा मोठा असावा आणि चाकाचा चांगला माउस असावा. खेळांसाठी विकले जाणारे महागडे ग्राफिक्स कार्ड चाकाच्या बारा आऱ्यांसाठी लागत नाही. आणखी एक सावधगिरी. पडद्यावर मिलिमीटरचा हजारावा भाग दिसतो. पण कोकणातल्या दमट हवेत लाकूड स्वतःच त्याहून कितीतरी अधिक फुगते. अचूकतेचा हा भ्रम सुताराला कधी झाला नव्हता.

खरा पेच आज्ञावलीचा. येथे आमचाच एक अनुभव सांगणे भाग आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी जुन्या पनवेलमधल्या एका पडक्या वाड्याच्या अंगणात आम्हाला बैलगाडीचे एक चाक मिळाले. आम्ही दोन रविवार खपून त्याची मापे घेतली आणि तेव्हा फुकट मिळणाऱ्या एका आज्ञावलीत त्याचा संपूर्ण आराखडा उतरवला. तुंब्याची खोबण, आऱ्याचा निमुळता होत जाणारा कुसू, परिघाच्या सहा तुकड्यांचे सांधे, काहीही सोडले नाही. काही वर्षांनी वाडा पाडला गेला. चाक शोभेसाठी कुठल्याशा फार्महाउसवर गेल्याचे कानावर आले. हरकत नाही, आराखडा आहे, असे आम्ही म्हणालो. मग एके दिवशी धारिका उघडायला गेलो तर ती उघडेना. आज्ञावलीचे नाव बदलले होते, परवान्याच्या अटी बदलल्या होत्या, आणि जुनी धारिका वाचणारी आवृत्ती मिळत नव्हती. हाती राहिला तो आमच्यापैकी एकाने केवळ सवयीने छापून ठेवलेला एक कागद. त्यावर बाजूने घेतलेली मापे आहेत, सांध्यांची नाहीत.

मराठीच्या अभ्यासकाला हे दुःख नवे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या सांकेतिक टंकांत अक्षरजुळणी केलेली मराठी पुस्तके आठवावीत. टंक नाही तर धारिका उघडूनही अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांचा खच दिसतो. त्याहून जुने उदाहरण मोडीचे. दफ्तरखान्यांत मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत आणि वाचणारे थोडे. पण मोडीत आणि आमच्या धारिकेत एक मूलभूत अंतर आहे. मोडी पुन्हा शिकता येते, कारण मोडीचा कोणी मालक नाही. आमच्या आराखड्याच्या लिपीला मालक होता.

हे एकट्या कोणा कंपनीचे पाप नव्हे. तो या व्यवहाराचाच स्वभाव आहे. ऑटोडेस्कची 'फ्यूजन ३६०' ही आज्ञावली हौशी मंडळींत लोकप्रिय झाली ती तिच्या गुणांमुळेच. तिच्या व्यक्तिगत वापराच्या फुकट परवान्यावर २०२० साली मर्यादा आल्या आणि एका वेळी संपादन करता येतील अशा आराखड्यांची संख्या दहावर आली. कंपनीला तो अधिकार होता. प्रश्न एवढाच की, आपण भाडेकरू आहोत हे भाडेकरूला ठाऊक होते का?

म्हणून या खेपेला आम्ही 'फ्रीकॅड' निवडली. २००२ मध्ये सुरू झालेल्या या मुक्तस्रोत आज्ञावलीची पहिली 'पूर्ण' म्हणवणारी आवृत्ती २०२४च्या नोव्हेंबरात आली. बावीस वर्षे लागली. ती हट्टी आहे, शिकायला अवघड आहे, आणि व्यावसायिक आज्ञावलीत पाच मिनिटांत होणारे काम तिच्यात कधी तासभर घेते, हे लपवण्यात अर्थ नाही. व्यवसाय असता तर कदाचित आम्हीही भाडे भरले असते. परंतु जतन हेच प्रयोजन असेल तेव्हा वेग ही दुय्यम बाब होते. शिवाय प्रत्येक आराखड्याची एक प्रत 'स्टेप' या आंतरराष्ट्रीय मानकात ठेवतो. हे मानक १९९४ साली प्रथम प्रसिद्ध झाले असून ते अनेक आज्ञावल्यांना वाचता येते. यंत्राला दिलेल्या आज्ञा तर साध्या मजकुराच्याच असतात. त्या कोणत्याही संपादकात उघडतात. आणि एक प्रत कागदावर, सगळ्या मापांसह.

असा विचार महाराष्ट्रात आधी कोणी केलाच नाही, असे नव्हे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकावे या धारणेने. एमआयटीने जगभर पसरवलेल्या 'फॅब लॅब' प्रयोगशाळांपैकी अगदी आरंभीची एक २००२ मध्ये तेथेच उभी राहिली. दुष्काळी टापूतल्या खेड्यातील मुलांच्या हाती संगणकाने चालणारी यंत्रे आली. पार्सन्सच्या फितीने कामगाराच्या हातून काढून घेतलेले काहीतरी येथे परत दिले जात होते, असे आम्हाला वाटते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही त्या एका कागदावरून चाक पुन्हा रेखाटायला घेतले. परिघ जमला, आरे जमले. तुंब्यात आरा कोणत्या कलाने बसवला होता, ते मात्र कागद सांगत नाही. लहान प्रतिकृतीसाठी आम्ही तीन वेगवेगळे कल कापून पाहिले. तिन्ही सांधे बसतात, पण त्यांतला पनवेलचा कोणता, हे सांगणारा सुतार आता नाही. आराखड्यात त्या जागी आम्ही माप लिहिलेले नाही. तेथे प्रश्नचिन्ह ठेवले आहे, आणि ती धारिका कोणालाही उघडता येईल अशीच जपून ठेवली आहे.