हमरस्त्यावरील गूढपुरुष

‘वेड पांघरून पेडगावास जाणे’ हा वाक्प्रचार मराठी घरांत सर्वपरिचित आहे. त्यातील पेडगाव म्हणजे भीमातीरीचे, बहादूरगडाचे, असे सामान्यतः मानतात. परभणी तालुक्यातील पेडगाव निराळे. मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील ते एक लहानसे स्थानक होय. परंतु सोंग घेऊन कार्य साधण्याची जी युक्ती त्या वाक्प्रचारात आहे, तिचा मोह मोटारींच्या युगात राजसत्तेलाही पडला. भरधाव चालकास पकडण्यासाठी पोलिसांनी लपावे काय, साध्या गाडीत बसून पाळत ठेवावी काय, हा वाद आज शंभराहून अधिक वर्षे चालू आहे.

निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्यातील ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. पुढे जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेच्या मोटारखात्याने २७ गाड्या व १६६ नोकर घेऊन सडकेवरील प्रवासी वाहतूक आरंभिली. रुळावर वेगाची मर्यादा सांगणारी पाटी चालकाच्या डोळ्यांसमोर उभी असते. सडकेवर मात्र मोटार मोकाट, आणि तिजवर नजर ठेवणाराही मनुष्यच.

या प्रश्नाचे पहिले धडे इंग्लंडात गिरवले गेले. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर आर्नोल्ड नावाचा गृहस्थ ताशी २ मैलांच्या मर्यादेत सुमारे ८ मैल वेगाने मोटार हाकीत असता एका शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यास पकडले, व अतिवेगाबद्दल त्यास एक शिलिंग दंड झाला. हा शिपाई निदान उघडपणे मागे लागला होता! १९०३ च्या कायद्याने मर्यादा २० मैल झाली, आणि सायकलीचा उपाय संपला. मग शिपाई कुंपणाच्या आड बसू लागले. मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांस दोघे. एकाने खूण करावयाची, दुसऱ्याने घड्याळ पाहावयाचे. एक फर्लांग साडेबावीस सेकंदांच्या आत ओलांडला, की चालक अपराधी.

मोटारवाले चिडले. १९०५ मध्ये त्यांनी ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापिली व आपले सायकलस्वार गस्तवाले पुढे पाठवून सभासदांस सावध करण्याचा क्रम धरला. १९१० साली बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यात, अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असे वरिष्ठ न्यायालयाने ठरविले. यावर संस्थेने काढलेली तोड मोठी मासलेवाईक आहे. गस्तवाल्याने सभासदास एरवी सलाम करावा. पुढे पोलीस असतील तेव्हा करू नये. सलाम न केल्याबद्दल कोणते न्यायालय शिक्षा करणार?

१९१९ मध्ये लंडनच्या पोलिसांनी कापडी आच्छादन असलेल्या घोडागाड्या घेऊन, त्या कापडास भोके पाडून चोरांवर पाळत ठेवली. निशाणीविरहित पोलीस-वाहनाचा हा एक आरंभीचा अवतार म्हणता येईल. परंतु चोरासाठी केलेले सोंग सामान्य वाटसरूसाठीही करावे काय? वेगाच्या कायद्याची तर अशी अप्रतिष्ठा झाली होती, की १९३० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मोटारींवरील मर्यादाच काढून टाकली. १९३४ साली ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, आणि १९३५ पासून वस्तीत ३० मैलांची मर्यादा पुन्हा आली.

या आकड्यापुढे केवळ मोटारवाल्यांच्या रागाची मातब्बरी उरत नाही. उघड उभी असलेली पोलिसांची गाडी पाहून चालक तेवढ्यापुरता वेग आवरतो व वळण ओलांडताच पुन्हा सुसाट सुटतो. मानवत, परभणी या भागांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलास त्या शिष्टाचाराचा काय उपयोग? उलट, रात्री निर्जन रस्त्यावर साध्या गाडीतून उतरलेल्या साध्या वेषातील इसमाने हात दाखविला, तर तो पोलीस की तोतया हे कुटुंब घेऊन निघालेल्या गृहस्थाने कसे ओळखावे? ही भीती काल्पनिक नव्हे.

भारतातील १९८८ च्या मोटारकायद्याने या दोहोंची सांगड बऱ्याच शहाणपणाने घातली आहे. कलम १३० प्रमाणे परवाना मागणारा पोलीस अधिकारी गणवेशात असला पाहिजे. कायद्याचे लक्ष गाडीच्या रंगाकडे नाही, माणसाच्या अंगावरील वस्त्राकडे आहे. कलम १८३ प्रमाणे केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून कोणास अतिवेगाबद्दल दोषी ठरविता येत नाही. त्या अंदाजास यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाचा आधार हवा. तेव्हा साध्या गाडीतून पाहणे एक वेळ चालेल, वाटसरूस अडविणे मात्र गणवेशानेच व्हावे, हाच मार्ग इष्ट दिसतो.

२०१९ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेख कायद्यात आली, आणि ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी तिची रीत घालून दिली. अपराधाची नोटीस पंधरा दिवसांत धाडावी, आणि ज्या टप्प्यावर यंत्राची नजर असेल त्याच्या अलीकडे तशी ठळक पाटी लावावी, असे त्यांत सांगितले आहे. १९१० मध्ये जी सूचना दिल्याबद्दल इंग्लंडातील गस्तवाला दोषी ठरला, तीच देण्याचे काम येथे आता सरकारी पाटीकडे आले आहे.