ऊसतोडीच्या वाटेवरचा खो-खो

दसरा सरला की बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. शहर मागे पडतं, बिंदुसरा धरणाकाठचं पाली येतं, पुढे मांजरसुंब्याचा घाट लागतो. ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, भांडीकुंडी, पाण्याच्या टाक्या, शेळ्या आणि त्या पसाऱ्यावर बसलेली कुटुंबं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा एकेक कोयता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट बेळगाव-बागलकोटच्या फडात जातो. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो.

नेमक्या याच महिन्यांत शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून विभागाला आणि विभागावरून राज्याला जातात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलींचे खो-खो संघ ऑगस्टपासून घाम गाळत असतात. तालुका जिंकलेला संघ विभागाला उतरतो तेव्हा त्यातली एखादी मुलगी आई-बापासोबत फडावर गेलेली असते, दुसरी धाकट्या भावंडांसाठी घरी अडकलेली असते, तिसरीच्या लग्नाची बोलणी सुरू असतात. बीड जिल्ह्यातल्या मुलींच्या संघाचा पहिला सामना प्रतिस्पर्ध्याशी होतच नाही, तो कॅलेंडरशी होतो. असं असूनही खो-खोच्या नकाशावर मराठवाड्यातल्या मुलींची नावं ठळक आहेत. ती तिथवर कशी पोचली, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

खो-खोला लिखित नियम मिळाले ते पुण्यात. डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये या खेळाची पहिली नियमावली तयार केली. पुढे बडोद्याच्या जिमखान्याने त्यात भर घातली आणि 1935 च्या सुमारास अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांचं पुस्तक काढलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यातही खो-खो होता. हे सगळं घडत असताना बीड निजामाच्या राज्यात होतं. पुणे, बडोदा, अमरावती इथल्या व्यायामशाळांचं जाळं मराठवाड्यापर्यंत त्या जोमाने पसरलं नव्हतं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि मग कुठे इथल्या महाविद्यालयांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची स्वतःची चौकट मिळाली.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली. महिलांना फार वाट पाहावी लागली नाही. लगोलग, 1960-61 मध्ये, त्यांची राष्ट्रीय स्पर्धा कोल्हापुरात भरली. तुलनेसाठी क्रिकेट बघावं. पुरुषांची रणजी स्पर्धा 1934 ची, तर महिलांच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली ती 1973 मध्ये. म्हणजे बायकांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा मान खो-खोने क्रिकेटच्या बारा वर्षं आधी दिला. 1970 मध्ये सुधीर परब यांच्या रूपाने खो-खोला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी अचला देवरे यांनी तो पटकावला. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा राणी लक्ष्मीबाई पुरस्कार, मुलींचे जानकी आणि इला हे पुरस्कार, अशी मानाची उतरंडही उभी राहिली. या खेळात बाई पाहुणी म्हणून आली नाही.

कोल्हापूरचा योगायोगही मोठा आहे. प्रवरानगरला 1950 च्या आसपास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखान्यांची धुराडी पेटू लागली. त्यांना तोडणीसाठी हात हवे होते आणि ते मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात स्वस्तात मिळत होते. 1972 च्या दुष्काळाने तर घरंच्या घरं बाहेर काढली. म्हणजे जे दशक महिलांच्या खो-खोला राष्ट्रीय मैदान देत होतं, त्याच दशकात बीडच्या मुलींच्या पायाखालची जमीन हंगामापुरती सुटायला लागली होती. एकाच कोल्हापूरच्या दिशेने दोन वाटा निघाल्या होत्या, एक स्पर्धेची आणि एक फडाची.

तरीही मराठवाड्यात हाच खेळ मुलींचा झाला, कारण तो काही मागत नव्हता. 27 बाय 16 मीटर जागा, आखायला फक्की आणि दोन टोकांना दोन लाकडी खांब. बॅट नको, बूट नको, पाणी मारून हिरवं ठेवायचं गवत नको. ज्या गावात प्यायच्या पाण्याला टँकर लागतो तिथेही हे मैदान आखता येतं. पावसाने पाठ फिरवली तरी खेळ बंद पडत नाही, माती तेवढी कडक होते आणि सूर मारणाऱ्या मुलींचे गुडघे-कोपरे जास्त सोलवटतात.

साहित्य लागत नाही, पण माणसं मात्र सगळी लागतात. आठ जणी मधल्या पाटीवर उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी धावते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, मध्येच मागे वळता येत नाही. समोरची संरक्षक पाटीच्या पलीकडे गेली की बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने ‘खो’ द्यायचा आणि तिची जागा घ्यायची. थाप आणि आवाज यांत जरा मागेपुढे झालं, बसलेली मुलगी अर्धा क्षण आधी उठली, तर पंचांची शिट्टी वाजते आणि हाताशी आलेला गडी निसटतो. संरक्षण करणारी तीन जणींच्या तुकडीने आत येते, साखळी पद्धतीने दोन-दोन गड्यांना वळसे घालत मिनिटं काढते, खांबाजवळ हुलकावणी देते. पारंपरिक नियमांत नऊ मिनिटांचं आक्रमण असतं. त्या नऊ मिनिटांत पाटीवरची प्रत्येक मुलगी कित्येकदा उठते आणि बसते. अशा संघातून ऐन स्पर्धेत दोघी गेल्या की त्यांच्या जागी आणलेल्या मुलींना कुणाची थाप कधी पडेल याचा अंदाज नसतो. महिनोन्‌महिने बसवलेली लय मोडते. एखादी हुकमी धावपटू गेली तर ॲथलेटिक्समध्ये एक पदक जातं, खो-खोत सगळा डावच ढासळतो.

हंगामावर टांगलेला खेळ म्हणजे काय, हे लडाखमधल्या मुलींनाही ठाऊक आहे. तिथे आइस हॉकी खेळली जाते ती गोठलेल्या तळ्यांवर आणि बर्फ नीट टिकतो जेमतेम दोन महिने. लडाखी मुलींचाच भरणा असलेला भारताचा महिला संघ 2016 मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेला आणि सगळे सामने हरून आला. प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून उभा करावा लागला होता. पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये याच संघाने फिलिपिन्सला 4-3 असं हरवून पहिला विजय मिळवला आणि 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकाचं कांस्यपदक घेतलं. हरलेल्या हंगामानंतर त्या मुली पुन्हा तळ्यावर आल्या, म्हणून पुढचं सगळं घडलं.

परत येणं किती अवघड असतं, याचं मराठवाड्यातलं उदाहरण बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या घरी आई शिवणकाम करायची, आजी-आजोबांच्या कमाईवर घर चालायचं. जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवून आपण खेळलो, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. 2016 मध्ये पैशांच्या विवंचनेतून त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली आणि त्या मैदानावर परतल्या. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला आणि सारिका यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळाच्या वाट्याला तो बावीस वर्षांनी येत होता. तोवर त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून रुजू झाल्या होत्या.

बीडची कहाणी त्यापुढची. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिला संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची केज तालुक्यातली. सलामीला भारताने दक्षिण कोरियाचा 175-18 असा फडशा पाडला, उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 66-16 असं नमवलं आणि 19 जानेवारीला नेपाळला 78-40 ने हरवून चषक उचलला. धाराशिवची अश्विनी शिंदे याच संघात होती. बीड जिल्ह्यात त्या रात्री फटाके वाजले असतील तर ते रास्तच होतं. पण एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. प्रियांकाचं कुटुंब पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेलं आणि तिचा खेळ तिकडच्या मैदानांवर घडला. जिल्ह्याने तिला गाव दिलं, मैदान दुसऱ्या जिल्ह्याने दिलं. स्थलांतराने बीडच्या कितीतरी मुलींचा खेळ तोडला. एकीचा घडवलाही, कारण तिचं कुटुंब शहरात स्थिरावलं, हंगाम संपताच माघारी फिरलं नाही.

जिल्ह्यात राहिलेल्या मुलींपुढे आता नवी अडचण आहे. मोठ्या स्पर्धा मॅटवर गेल्या आहेत. मॅटवर पाय पकड घेतात, सूर मारताना कातडी सोलवटत नाही, खेळ वेगवान होतो आणि दूरचित्रवाणीवर देखणा दिसतो. पण मातीत घडलेली मुलगी थेट राज्य स्पर्धेत मॅटवर उतरली तर तिच्या पावलांचा हिशेब चुकतो. बूट लागतात, सराव लागतो आणि मॅट तर लाखोंच्या घरात जाते. विश्वचषकात सात मिनिटांच्या पाळ्या आणि सात जणींचा संघ, अशी नव्या धाटणीची नियमावली होती. शालेय संघ जुन्या धाटणीत वाढतात. काही न मागणारा खेळ आता मागू लागला आहे, आणि मागतोय तो ज्यांच्याकडे सगळ्यात कमी आहे त्यांच्याकडेच.

लग्नाचा प्रश्न तर त्याहून जुना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयोगटातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं दिसलं. आई-बाप सहा महिने फडावर असताना वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती आणि जोडी झाली की कोयता वाढतो हा हिशेब, दोन्ही त्यामागे आहेत. एकोणीस वर्षांखालच्या संघात बीडच्या मुली कमी का दिसतात, याचं उत्तर क्रीडा कार्यालयाच्या फायलींत शोधून मिळणार नाही.

मुलींना मागे ठेवायची सोय सरकारने कागदावर केलेली आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहं चालतात, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. तिथे जेवण, मुक्काम आणि अभ्यास यांचा विचार झाला आहे, खेळाचाही व्हायला हवा. वसतिगृहाजवळ खो-खोचं मैदान आखून घ्यावं, गावातल्याच एखाद्या माजी खेळाडूला मानधन देऊन संध्याकाळचा सराव ठेवावा, तालुक्याला निदान एक मॅट असावी आणि संघात निवड झालेल्या मुलीची वसतिगृहातली जागा स्पर्धा संपेपर्यंत पक्की राहावी. पालीपासून केजपर्यंतच्या शाळांमधून यासाठी लागणाऱ्या मुली आजही आहेत. त्यांची नावं ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धेच्या यादीत येतात. ती यादी घेऊन जिल्हा क्रीडा कार्यालयाने दसऱ्याच्या आत या मुलींच्या घरी जावं, आई-बापांशी बोलावं आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी लेखी घ्यावी.