एक्सएमएल दस्तऐवजांतील शोध आणि ब्राउझरांमधील भेद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध केली. माहिती कोणत्याही यंत्रावर व कोणत्याही लिपीत एकाच रीतीने साठविता यावी, हा तिचा हेतू होता. युनिकोडचा पाया असल्यामुळे घटकांची नावे देवनागरीतही देता येतात. ‘ग्रंथालय’ या मूळ घटकाखाली अनेक ‘ग्रंथ’ असलेला दस्तऐवज पूर्णपणे नियमानुसार ठरतो. मात्र साठविलेली माहिती ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टद्वारे शोधण्याची रीत एक राहिली नाही. हा भेद कसा निर्माण झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भेदाचे मूळ :
या भेदाचा सर्व दोष मायक्रोसॉफ्टच्या हटवादीपणास दिला जातो. कालक्रम पाहता हे मत अपुरे वाटते. इंटरनेट एक्सप्लोरर ५ हा ब्राउझर मार्च १९९९ मध्ये आला, तर शोधाची प्रमाणभाषा असलेली एक्सपाथ १.० ही शिफारस १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मान्य झाली. म्हणजेच मानक ठरण्यापूर्वीच उत्पादन लोकांच्या हाती पडले होते. त्यातील एमएसएक्सएमएल या भागाने डिसेंबर १९९८ च्या एक्सएसएल मसुद्याचा आधार घेतला होता, व ‘सिलेक्टनोड्स’ ही आज्ञा त्या जुन्या भाषेत चाले. जुन्या भाषेत घटकांची मोजणी शून्यापासून, तर एक्सपाथमध्ये एकपासून होई. ‘ग्रंथ’ या शब्दापुढे चौकटी कंसात १ लिहिल्यास एका भाषेत पहिला ग्रंथ मिळे, दुसरीत दुसरा. त्रुटीचा कोणताही संदेश येत नसे. उत्तर तेवढे चुकीचे असे. पुढे एमएसएक्सएमएल ३.० मध्ये खरी एक्सपाथ उपलब्ध झाली, तरी जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून ती स्वतंत्रपणे निवडावी लागे. ४.० पासून जुनी भाषा वगळण्यात आली.

मोझिलाने ‘डॉक्युमेंट.इव्हॅल्युएट’ ही निराळी पद्धत स्वीकारली. ती ज्या डॉम लेव्हल ३ एक्सपाथ या आराखड्यावर आधारलेली होती, तो फेब्रुवारी २००४ मध्ये शिफारस म्हणून नव्हे, तर केवळ टिपण म्हणून प्रसिद्ध झाला. ऑपेराने २००६ मध्ये ९ व्या आवृत्तीत तीच वाट धरली. इंटरनेट एक्सप्लोररने ती अखेरपर्यंत धरली नाही.

याशिवाय लहानसहान भेद होतेच. दोन घटकांमधील मोकळी जागा मोझिला स्वतंत्र नोड म्हणून मोजे, एमएसएक्सएमएल ती सहसा गाळून टाके. त्यामुळे ‘पहिले अपत्य’ कोणते, यावरच एकमत नसे. नेमस्पेस असलेल्या दस्तऐवजात तर उपसर्गाचा अर्थ एकीकडे गुणधर्म म्हणून, दुसरीकडे फलन लिहून कळवावा लागे.

परिणाम :
फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ ही संज्ञा रूढ केली व ही अडचण सर्वत्र जाणवू लागली. प्रत्येक शोध दोनदा लिहिणे हा आज्ञावलीकारांचा नित्यक्रम झाला. ब्राउझरचे नाव विचारण्याऐवजी विशिष्ट आज्ञा उपलब्ध आहे काय, हे तपासणे अधिक विश्वसनीय ठरले. जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने (२००६) हा भार बराच हलका केला. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एक्सपाथची धाटणी होती. २००७ मध्ये १.२ आवृत्तीतून ती बाहेर काढून सीएसएसच्या धाटणीवर भर देण्यात आला. त्याच सुमारास जेसन हे सुटसुटीत माहितीरूप लोकप्रिय होऊन ब्राउझरमधील एक्सएमएलचा वापरच ओसरू लागला. सीएसएस-आधारित सिलेक्टर्स एपीआय २०१३ मध्ये शिफारस ठरले. एक्सपाथ २.० जानेवारी २००७ मध्येच मान्य झाली होती. तरी क्रोम, फायरफॉक्स व सफारी यांत आजही १९९९ मधील १.० हीच आवृत्ती अंगभूत आहे.