गांधी जयंती

गांधी जयंती हा महात्मा गांधी यांच्या जन्मदिनानिमित्त दरवर्षी २ ऑक्टोबर रोजी भारतभर पाळला जाणारा राष्ट्रीय दिवस आहे. प्रजासत्ताक दिन (२६ जानेवारी), स्वातंत्र्यदिन (१५ ऑगस्ट) आणि गांधी जयंती या भारताच्या तीन राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्यांपैकी एका व्यक्तीच्या जन्माशी निगडित असलेली ही एकमेव सुट्टी होय. माजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांची जयंतीही याच तारखेला येते.

तिथी आणि चरखा जयंती

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. त्या दिवशी भाद्रपद वद्य द्वादशी होती. गुजरातेत ही तिथी 'रेंटिया बारस' या नावाने ओळखली जाते. 'रेंटियो' म्हणजे चरखा आणि 'बारस' म्हणजे द्वादशी. आपल्या जन्मदिवसाचे महत्त्व व्यक्तीला नसून चरख्याला आहे, अशी गांधीजींची भूमिका होती. त्यामुळे हा दिवस 'चरखा जयंती' म्हणूनही पाळला जाऊ लागला. त्या दिवशी भाषणे व सत्कार यांपेक्षा सूतकताई, खादीचा प्रसार आणि सफाई यांना प्राधान्य दिले जाई.

गांधीजींच्या हयातीतील अखेरची जयंती २ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीत आली. फाळणीनंतरच्या हिंसाचाराने ते व्यथित होते. तो दिवस त्यांनी उपवास, प्रार्थना व सूतकताईत घालवला. अशा वेळी अभिनंदनापेक्षा सांत्वन अधिक उचित ठरेल, अशा आशयाचे विचार त्यांनी व्यक्त केले आणि १२५ वर्षे जगण्याची पूर्वीची इच्छा उरली नसल्याचेही सांगितले.

वर्धा परिसर

१९३० साली दांडीयात्रेसाठी साबरमती आश्रम सोडताना, स्वराज्य मिळेपर्यंत तेथे परतणार नाही, असा निश्चय गांधीजींनी केला होता. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून त्यांनी वर्धा हे आपले कार्यक्षेत्र केले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे त्याची प्रमुख जबाबदारी होती आणि त्याचे कार्य वर्ध्यातील मगनवाडी येथून चाले. याच काळात मीराबेन यांनी वर्ध्याजवळील सिंदी गावात सफाईचे काम केले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव येथे राहण्यास आले. १९४० साली या गावाचे नाव 'सेवाग्राम' असे झाले.

जयंतीला जोडलेले श्रम, स्वच्छता व प्रार्थना हे सेवाग्राम आश्रमाच्या नित्याच्या दिनचर्येचेच भाग होते. स्थानिक साहित्याने बांधलेली बापूकुटी, सर्वधर्म प्रार्थना आणि सूतकताई यांतून ही परंपरा आजही दिसते. २ ऑक्टोबर रोजी आश्रमात प्रार्थना व सूतयज्ञ होतो. अनेकांनी एकत्र बसून ठरावीक वेळ सूत कातणे म्हणजे सूतयज्ञ.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या गावांसाठी या दिवसाला आणखी एक संदर्भ आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. ग्रामस्थांनी आपल्या गावाचा कारभार स्वतः पाहावा, या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेशी ही पद्धत सुसंगत आहे. जयंतीच्या दिवशी देशात सामान्यतः मद्यविक्री बंद असते. वर्धा जिल्ह्यात मात्र दारूबंदी वर्षभर लागू आहे.

सुट्टीचे स्वरूप

या दिवशी सरकारी कार्यालये, बँका व शिक्षणसंस्था बंद असतात. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या अधिनियमानुसार कामगारांना वर्षात ८ भरपगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांतील २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या तारखा कायद्यानेच निश्चित केल्या आहेत. दिल्लीत राजघाट येथे राष्ट्रपती व पंतप्रधान आदरांजली वाहतात आणि सर्वधर्म प्रार्थना होते. खादी भांडारांतून जयंतीपासून कापडावर सूट देण्याची प्रथा आहे. 'स्वच्छ भारत अभियान' २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले आणि २०१९ मधील गांधीजींची १५० वी जयंती हे त्याचे उद्दिष्टवर्ष ठरवण्यात आले.

ज्यांच्या नावे ही सुट्टी आहे, त्यांना हा दिवस विश्रांतीचा नव्हे, तर अधिक श्रमाचा असावा असे वाटत होते. सुट्टी आणि श्रम यांतील ही विसंगती या दिवसाच्या अर्थाच्या केंद्रस्थानी आहे. शाळांतील सफाई, सामूहिक सूतकताई व ग्रामसभा या उपक्रमांतून त्याचा मूळ हेतू टिकून राहतो. केवळ प्रतिमेला हार घालण्याने तो पूर्ण होत नाही.

लालबहादूर शास्त्री जयंती

लालबहादूर शास्त्री यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुघलसराय येथे झाला. १९६५ च्या युद्धाच्या व अन्नटंचाईच्या काळात त्यांनी दिलेली 'जय जवान, जय किसान' ही घोषणा प्रसिद्ध आहे. त्यांचे निधन ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे झाले. जयंतीनिमित्त दिल्लीतील विजय घाट या त्यांच्या समाधिस्थळी आदरांजली वाहिली जाते.

आंतरराष्ट्रीय स्तरावर

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ जून २००७ रोजी ठराव संमत करून २ ऑक्टोबर हा 'आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन' म्हणून घोषित केला. नेत्याचा जन्मदिन कृतीतून पाळण्याचे दुसरे उदाहरण म्हणजे १८ जुलैचा नेल्सन मंडेला दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २००९ साली घोषित केला. दक्षिण आफ्रिकेत त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते. मंडेला यांच्या ६७ वर्षांच्या सार्वजनिक कार्याची आठवण म्हणून नागरिकांनी ६७ मिनिटे इतरांच्या सेवेसाठी द्यावीत, असे आवाहन केले जाते.